देवाच्या दारात माणूस सुरक्षित हवा

प्रति,
मंगळवेढा तालुक्यातील देवस्थाने, मठ, दर्गे, मशिदी, चर्च आणि विहार यांचे विश्वस्त, पंच आणि यात्रा कमिट्यांचे सर्व सभासद यांस,



मंगळवेढ्याला आपण संतांची भूमी म्हणतो. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे उघडली ती इथे. कान्होपात्रा इथली. आणि चोखोबांचा मृत्यूही इथलाच. सन १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि सोबत राबणाऱ्या मजुरांसह चोखोबा ढिगाऱ्याखाली गाडले गेले. नामदेवांनी येऊन त्यांच्या अस्थी ओळखल्या, त्या पंढरपुरास नेल्या आणि विठ्ठलाच्या महाद्वारापुढे समाधी बांधली. ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण ती भिंत का पडली आणि तिच्याखाली माणसे कोणाच्या भरवशावर काम करत होती, हा प्रश्न कीर्तनात येत नाही.

त्यानंतर पावणेसातशेहून अधिक वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२० रोजी, पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटाची नव्याने बांधलेली भिंत मुसळधार पावसात कोसळली आणि सहा जण दगावले. काळ बदलला, बांधकामाचे साहित्य बदलले, तरी तीर्थाच्या ठिकाणी भिंतीखाली माणूस मरणे थांबले नाही. म्हणून हे पत्र.

पोलिसांना किंवा तहसीलदारांना न लिहिता मी आपल्याला लिहितो आहे, याचे कारण सरळ आहे. देवळाच्या, दर्ग्याच्या, चर्चच्या दाराची किल्ली आपल्याकडे असते. कुठली पायरी हलते, कुठल्या खांबाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, आरतीच्या वेळी कुठे रेटारेटी होते, दानपेटी कोणत्या दिवशी भरते, हे सगळे आधी आपल्याला ठाऊक असते. यात्रेचा बंदोबस्त दोन-चार दिवसांसाठी येतो आणि जातो. वर्षाचे बाकीचे दिवस ती जागा आणि तिथे येणारी माणसे आपल्या भरवशावर असतात.

माझे म्हणणे एकच आहे. प्रत्येक श्रद्धास्थानाने आपल्या जागेतले धोके लिहून काढावेत, त्यांतले आधी कोणते दूर करायचे ते ठरवावे, प्रत्येक काम कोणी करायचे ते नावानिशी लिहावे, आणि हे सारे पुढच्या यात्रेआधी करावे. हे काम पूजेअर्चेइतकेच आपले आहे.

सुरुवात एका वहीने होते. आपल्या आवारातून निरनिराळ्या वेळी फेरी मारा. एकदा भर दुपारी, जागा रिकामी असताना. एकदा रात्री, सगळे दिवे बंद करून, कारण वीज गेल्यावर वाट सापडते की नाही हे त्याशिवाय कळत नाही. एकदा पाऊस पडत असताना, पाणी कुठे साचते आणि कुठली फरशी निसरडी होते ते पाहायला. आणि एकदा गर्दीच्या दिवशी, उंच जागेवर उभे राहून. फेरीत फक्त कमिटीची माणसे नकोत. एक गवंडी, एक वायरमन, कडेवर मूल घेतलेली एखादी बाई आणि काठी टेकत चालणारे एखादे आजोबा सोबत घ्या. आपल्या डोळ्यांना जे सवयीने दिसेनासे झाले आहे, ते या चौघांना लगेच दिसेल.

जे दिसेल ते लिहा आणि प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे मांडा. हे घडण्याची शक्यता किती? घडलेच तर किती जिवांवर बेतेल? ज्यांची दोन्ही उत्तरे मोठी, त्या नोंदी पहिल्या पानावर. सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला ठराव कॅमेऱ्याचा होतो. कॅमेरा उपयोगी आहेच. पण मंडपाच्या लोखंडी खांबाला घासणारी उघडी वायर पहिल्या पानावर असेल आणि कॅमेरा तिसऱ्या, तर आधी वायर. पैसा कमी असतो तेव्हा हा क्रम लावणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

धोके तीन प्रकारचे असतात: जागेचे, गर्दीचे आणि वाईट हेतूने येणाऱ्या माणसाचे. तिन्हींकडे एकेक करून पाहू.

जागेचे धोके सगळ्यांत आधी घेतो, कारण ते कायम तिथे असतात आणि बहुतेकदा समोर दिसत असतात. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर वादळात जुने कडुनिंबाचे झाड पडले आणि सात भाविक ठार झाले. त्याच्या दहाच दिवस आधी, रामनवमीला, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जमीन खचली. त्या फरशीखाली जुनी बारव होती. तिच्यावर स्लॅब टाकून बसायची जागा केलेली होती. ३६ जीव गेले. महापालिकेने त्या बांधकामाबद्दल आधी नोटीसही दिली होती. दोन्ही ठिकाणी धोका डोळ्यांसमोर होता. झाड सर्वांना दिसत होते, बारव कुठे आहे हे जुन्या माणसांना माहीत होते. ते लिहून कोणाच्या तरी जबाबदारीवर टाकलेले नव्हते, इतकेच.

आपल्या तालुक्यात जुनी बांधकामे पुष्कळ आहेत. माचणूरच्या सिद्धेश्वराचे देऊळ भीमेच्या काठावर आहे आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणात तिथे मोठी गर्दी होते. दगडी घाटाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. नदीची पातळी आपल्याकडच्या पावसावर ठरत नाही. वर उजनीतून पाणी सोडले की इथे आभाळ कोरडे असतानाही भीमा चढते. म्हणून घाटावर पाण्याची धोक्याची खूण रंगवलेली हवी, शेवटच्या सुरक्षित पायरीवर साखळी हवी, पोहणारे दोन तरुण आणि दोरीला बांधलेल्या हवा भरलेल्या ट्यूब गर्दीच्या दिवशी हाताशी हव्यात, आणि उजनीतून विसर्ग वाढवण्याचा निरोप कोणाच्या फोनवर येणार हे आधी ठरलेले हवे. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही.

जुनी भिंत, शिखर, मिनार, कमान यांना तडा दिसला तर त्यावर रंग देऊन तो झाकू नका. तड्यावर प्लास्टरची एक छोटी पट्टी आडवी लावा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली म्हणजे तडा वाढतो आहे, मग अभियंत्याला बोलवायला उशीर करू नका. तोवर त्या भिंतीखाली कोणाला बसू देऊ नका, दुकान लावू देऊ नका. विजेचा मुख्य बटणफळा कुठे आहे हे किमान चार जणांना माहीत हवे आणि त्याच्या पुढ्यात सतरंज्या व खुर्च्यांचा ढीग नको. अर्थिंग आणि झटका लागताच वीज तोडणारा ब्रेकर दरवर्षी यात्रेआधी तपासून घ्या. जनरेटरचे डिझेल गर्दीपासून लांब ठेवा. महाप्रसादाच्या चुलींपासून मंडपाचे कापड दूर ठेवा आणि आचाऱ्याशेजारी वाळूच्या बादल्या व अग्निशामक सिलिंडर ठेवा. तो सिलिंडर कसा चालवायचा हे आचाऱ्यालाच शिकवा, कारण आग लागेल तेव्हा शेजारी तोच असेल.

आता गर्दी. महाराष्ट्राला याबाबतीत फार महाग धडा मिळालेला आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, वाईजवळच्या मांढरदेवी गडावर सुमारे ३०० भाविक मेले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना दुकाने होती. माणसे पडली, त्यांच्यावर माणसे पडली, पुढे दुकानांना आग लागली आणि गॅसचे सिलिंडर फुटले. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या उताराच्या अरुंद रस्त्यावर साधूंनी नाणी उधळली, ती उचलायला लोक वाकले आणि चेंगराचेंगरीत कित्येकांचा जीव गेला.

चेंगराचेंगरीत माणसे नेमकी कशाने मरतात हे समजून घ्यायला हवे. पायाखाली तुडवली गेलेली माणसे त्यात असतात, पण बरीचशी उभ्याउभ्या जातात. चारी बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगवून श्वासच घेता येत नाही. सव्वातीन फूट लांब आणि तितक्याच रुंद जागेत चार माणसे असली तर ती आपापली हलू शकतात. तिथे सहा-सात झाली की कोणाचेच पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत आणि सगळा जमाव एकत्र हेलकावू लागतो. मागच्याला पुढे काय झाले ते दिसत नाही, म्हणून तो ढकलतच राहतो. गर्दी आवाक्याबाहेर गेल्यावर लाठी किंवा शिट्टी काही करू शकत नाही. जे करायचे ते त्याआधीच, वाटेच्या सुरुवातीला करायचे असते.

त्यासाठी काही साधे नियम आहेत. येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी. दोन रांगा समोरासमोर भिडू नयेत. बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा कधीही अरुंद नको. रांग गाभाऱ्याशी न अडवता दूर मोकळ्या मैदानात अडवावी आणि माणसे टप्प्याटप्प्याने सोडावीत. बॅरिकेडमध्ये ठरावीक अंतरावर बाहेर पडायला फट असावी, नाहीतर रांगेत चक्कर आलेल्याला काढताच येत नाही. उतार, वळण आणि पायऱ्या या तीन ठिकाणी एकही दुकान नको. नारळ फोडण्याची जागा वाटेपासून दूर असावी आणि तिथले पाणी नाल्यात जावे. लाऊडस्पीकरचा माइक एकाच शांत, ठाम माणसाच्या हातात असावा, आणि यात्रा संपेपर्यंत तो देणगीदारांची नावे वाचण्यासाठी अडकून राहू नये.

हुलजंतीच्या महालिंगरायाची दिवाळीतली यात्रा हे आपल्या तालुक्याचे वैभव आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगणातून लाखोंनी लोक येतात. पालख्यांच्या भेटीच्या वेळी भंडारा, लोकर, खारीक-खोबरे उधळले जाते आणि आसमंत पिवळा होतो. ही परंपरा टिकावी असेच मला वाटते. म्हणूनच तिच्यातले दोन धोके स्पष्ट लिहितो. एक म्हणजे उधळलेला खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून उचलायला दाटीत वाकणे. नाशिकला नेमके हेच घडले होते. उधळण पालखीजवळच्या मोकळ्या, आखलेल्या कड्यात व्हावी आणि बाकीच्यांना प्रसाद नंतर रांगेने हातात मिळावा, असे मानकऱ्यांनीच ठरवले तर लोक ऐकतील. दुसरा धोका आगीचा. हवेत दाट पसरलेली कुठलीही बारीक सेंद्रिय पूड ज्योतीला लागली की भडकू शकते. २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या दिवशी, उज्जैनच्या महाकाल मंदिरात भस्म आरतीच्या वेळी गुलाल उधळला गेला आणि आरतीच्या ज्योतीने गाभाऱ्यात भडका उडाला. पुजारी आणि सेवक मिळून १४ जण भाजले, त्यांतले एक वृद्ध सेवक पुढे वारले. २०१५ मध्ये तैवानमध्ये एका रंगाच्या कार्यक्रमात मक्याच्या पिठाच्या रंगाने असाच पेट घेतला आणि १५ तरुण मेले. हळदीची पूडही सेंद्रियच. तेव्हा भंडारा उधळताना जवळ मशाल, फटाके, पेटता कापूर नको. बंद सभामंडपात उधळण नको. एवढे पाळले तर परंपरेला काही कमी पडत नाही.

उन्हाळ्यातल्या सभा, सप्ते आणि उरुसांसाठी आणखी एक गोष्ट. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन त्याहून कडक असते. दुपारी बारा ते चार मोठा कार्यक्रम नको. सावली आणि पाणी जेवढ्यांना पुरेल तेवढ्यांनाच बसवा.

तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेल्या घाताचा. यावर बोलायला आपण कचरतो, कारण विषय निघाला की संशयाचे बोट शेजाऱ्याकडे वळेल अशी भीती वाटते. पण न बोलल्याने धोका जात नाही. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला मार्च २०१२ मध्ये सुवर्णगणेशाचा मुखवटा चोरायला आलेल्यांनी राखणीला असलेल्या दोन पहारेकऱ्यांना ठार मारले. सोने पुढे वितळलेल्या रूपात मिळाले, मुखवटा पुन्हा घडवून बसवता आला. ते दोन जीव परत आले नाहीत. यातून आपण घ्यायचा धडा असा: मौल्यवान दागिना रात्री देवळात ठेवून त्याच्या राखणीला साठी ओलांडलेला एकटा माणूस काठीनिशी झोपवणे हा अन्याय आहे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, उत्सवाच्या दिवशी पंचनाम्यासह आणा. दानपेटी दर आठवड्याला, दोन किल्ल्यांनी, साक्षीदारांसमोर उघडा आणि दारावर पाटी लावा की रात्री पेटीत रक्कम नसते. मूर्ती, मुखवटे, घंटा, जुने ग्रंथ यांचे मोजमापासह फोटो काढून ठेवा. चोरीचा माल सापडला तरी तो आपला आहे हे सिद्ध करायला तेच कामी येतात.

याहून मोठ्या घाताची उदाहरणेही जवळचीच आहेत. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, मालेगावात मशीद आणि कब्रस्तानाजवळ बॉम्ब फुटले आणि तीसहून अधिक माणसे मेली. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत तीन चर्च आणि तीन मोठ्या हॉटेलांत स्फोट झाले. अडीचशेहून अधिक जीव गेले. हल्ल्याची पूर्वसूचना सरकारी यंत्रणेकडे आलेली होती, ती चर्चच्या दारापर्यंत पोहोचलीच नाही. मात्र त्याच दिवशी बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये एका सेवेकऱ्याने पाठीवर मोठी पिशवी घेतलेल्या अनोळखी माणसाला अंगणात थांबवले, विचारपूस केली आणि पिशवी घेऊन आत जाऊ दिले नाही. स्फोट बाहेर झाला. तो सेवेकरी गेला, अंगणातली मुले गेली, पण आत बसलेल्या शेकडो लोकांचे प्राण वाचले.

सोलापूर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या संख्येने लहान आहेत. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर सोडले तर रविवारच्या उपासनेला गर्दी नसते आणि पोलिसांचा बंदोबस्तही नसतो. म्हणूनच पाळकांना आणि मंडळीच्या कमिटीला माझी खास विनंती आहे. दर रविवारी दाराशी दोन जण उभे राहू देत. काम एकच: येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा, नवा माणूस असेल तर प्रेमाने दोन शब्द बोलायचे, त्याला जागेवर नेऊन बसवायचे. जो भल्या मनाने आला आहे त्याला हे आदरातिथ्य वाटते. जो वाईट मनाने आला आहे त्याला आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे हे कळते. मुलांची शब्बाथ शाळा भरण्याची खोली आतल्या बाजूला असावी, तिला दुसरी वाट असावी, आणि मूल फक्त ओळखीच्या पालकाच्या हाती द्यावे. उपासना चालू असताना मागचे दार आतून सहज उघडेल असे हवे. कुलूप लावलेले मागचे दार आगीत सर्वांत घातक ठरते. हीच व्यवस्था मशिदीत जुम्म्याला, दर्ग्यात गैबीपीराच्या उरुसाला, विहारात वंदनेला आणि देवळात काकड्याला तितकीच लागू आहे.

इथे मला एका गोष्टीवर थांबायचे आहे. दारात उभा केलेला माणूस कोणाला अडवणार, हा मंगळवेढ्यात साधा प्रश्न नाही. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाचे दार आयुष्यभर बंद होते. ते दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये सर्वांना खुले झाले. सुरक्षेच्या नावाखाली तेच दार पुन्हा कोणाच्या तोंडावर लावले जाणार असेल, तर त्या सुरक्षेला माझा विरोध आहे. कपडे, दाढी, टोपी, कुंकू, जात, आडनाव, बोलीभाषा यांवरून कोणालाही थांबवू नका. पाहायचे ते वागणे: बेवारस ठेवलेली पिशवी, उन्हाळ्यात अंगावर जाड कोट, दारांचे आणि कुलपांचे बारकाईने काढलेले फोटो, प्रश्न विचारताच काढता पाय. तपासणी करायची तर सगळ्यांची सारखी, सरपंच आणि आमदारांचीही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि अफवा. एखाद्या सकाळी मूर्ती भंगलेली, क्रूस मोडलेला, मशिदीच्या दारात काही टाकलेले किंवा ग्रंथ फाडलेला सापडला, तर पहिल्या तासात काय करायचे हे आजच ठरवून ठेवा. जागेला हात लावायचा नाही, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही, ताबडतोब ११२ वर फोन करायचा, कमिटीच्या वतीने एकाच माणसाने बोलायचे. आणि शेजारच्या धर्माच्या पंचांना लगेच स्वतः जाऊन भेटायचे. कोण खोडसाळ होता हे पोलीस शोधतील, पण तोवर गाव शांत ठेवणे आपल्याच हातात असते. शांतता समितीची बैठक फक्त सणाच्या आधी चहापुरती होते. ती दर तीन महिन्यांनी, आळीपाळीने देवळात, दर्ग्यात आणि चर्चमध्ये भरवा. एकमेकांचे आवार आतून पाहिलेल्या माणसांना एकमेकांविषयीच्या खोट्या बातम्या चटकन पटत नाहीत.

मनुष्यबळ कुठून आणायचे, असे आपण विचाराल. ते गावात आहे. प्रत्येक गावात निवृत्त फौजी आहेत, वायरमन आहेत, आशाताई आणि परिचारिका आहेत, महाविद्यालयातले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. आठ-दहा जणांचे पथक पुरेसे आहे. त्यात निम्म्या बायका असाव्यात, कारण दर्शनाच्या रांगेत निम्म्याहून अधिक बायकाच असतात. एकाकडे वाटा आणि दारे, एकाकडे वीज आणि आग, एकाकडे प्रथमोपचार आणि १०८ ची रुग्णवाहिका, एकाकडे हरवलेली मुले आणि वृद्ध, एकाकडे पोलिसांशी संपर्क. रुग्णवाहिका आत येण्याची वाट मोटारसायकलींनी भरणार नाही हे पाहणे हेही एकाचे स्वतंत्र काम. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर एका फोनवर साऱ्या गावाला निरोप जातो, त्या यंत्रणेत आपल्या पथकाची नावे घाला. वर्षातून एकदा, कुणाला भीती न घालता, सराव करा: वीज गेली, धूर झाला, सगळे बाहेर कसे पडणार? पहिल्याच सरावात वहीतल्या चुका दिसतील आणि त्या दुरुस्त करता येतील.

काही जण म्हणतील, देव राखतो. श्रद्धा मीही मानतो. पण पारसला, मांढरदेवीला, श्रीलंकेच्या चर्चमध्ये मेलेली माणसेही श्रद्धावानच होती. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणणे त्यांचा अपमान आहे. कमी पडली ती व्यवस्था. कोणी म्हणतील, इतका खर्च कुठून करायचा? शिखराला रंग, कळसाला मुलामा, मंडपाला झुंबर यासाठी वर्गणी जमते. त्याच वर्गणीतला पहिला हिस्सा पायऱ्या, वायरी आणि कठड्यांसाठी काढा, आणि यात्रेत तसे जाहीर सांगा. आपल्या लेकरांच्या जिवासाठी दिलेला पैसा लोक आनंदाने देतील.

प्रशासनाकडेही माझे मागणे आहे, म्हणून पत्राची प्रत त्यांना देत आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली आहे. तिचे सार सोप्या मराठीत, दोन पानांत, प्रत्येक ट्रस्टला द्यावे. यात्रेची नियोजन बैठक यात्रेच्या किमान महिनाभर आधी व्हावी. यात्रा संपल्यावर आठवड्यात दुसरी बैठक व्हावी आणि काय चुकले ते लिहून पुढच्या वर्षासाठी ठेवावे. पाऊस सुरू होण्याआधी जुन्या भिंती, घाट आणि मोठी झाडे अभियंत्यांनी पाहावीत. लहान प्रार्थनास्थळांनी बंदोबस्ताचा अर्ज केला तर गर्दी थोडी म्हणून तो बाजूला ठेवू नये. गर्दी थोडी म्हणून धोका थोडा, असे नसते.

विश्वस्तहो, आपण मानाच्या जागेवर बसला आहात. यात्रेत आपल्याला पहिला नारळ मिळतो, पहिली शाल मिळते. त्या मानासोबत आपल्या दारात आलेला माणूस सुखरूप घरी जाण्याची जबाबदारीही येते. दुर्घटना झाल्यावर चौकशीत आपण हात वर करू शकाल, पण ज्या घरातला माणूस गेला त्या घरासमोर उभे राहून ते जमणार नाही.

म्हणून माझी विनंती ऐका. येत्या महिन्यात आपल्या श्रद्धास्थानाची वही तयार करा. पहिल्या पानावरची पाच कामे पुढच्या यात्रेआधी पूर्ण करा. ती वही गावात ग्रामसभेपुढे आणि शहरात नगरपरिषदेपुढे मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे कोणते काम कोणाकडे आहे हे साऱ्या लोकांना कळेल. दरवर्षी हे पुन्हा करा. आणि वाचकहो, आपल्या गावच्या कमिटीने हे केले नसेल तर पुढच्या बैठकीत उठून विचारा: आपली वही कुठे आहे?

आपला,
एक मंगळवेढेकर

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. उपविभागीय अधिकारी, मंगळवेढा
मा. तहसीलदार, मंगळवेढा
मा. पोलीस निरीक्षक, मंगळवेढा
मा. मुख्याधिकारी, मंगळवेढा नगरपरिषद